नावाचा रकाना

रविवार, रात्री उशिरा

आज सांगलीत लोककलावंतांसमोर संगीत तंत्रज्ञान आणि कलावंताचे हक्क या विषयावर बोललो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर भर द्यावा असा आयोजकांचा आग्रह होता, कारण पत्रिकेवर तेच ठळक छापले होते. समोर बसले होते ते ढोलकी, संबळ आणि हलगी वाजवणारे, संगीत पार्टीत गाणाऱ्या गायिका आणि वह्याच्या वह्या गाणी लिहून ठेवलेले शाहीर.

आग्रहाचा मान राखून सुरुवात तिथूनच केली. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला आणि त्यांचे नाव, आवाज, गाण्याची ढब यांची यंत्राने नक्कल करून धंदा करण्याला मनाई केली, हे सांगितले. सभागृहाने ते शांतपणे ऐकून घेतले. मग मागच्या रांगेतल्या एका गायिकेने विचारले, “त्यांचा आवाज सगळे ओळखतात, म्हणून कोर्टानंही ओळखला. माझं तर गाण्याखाली नावच नाही, मी कुठे जायचं?” यानंतर पुढच्या चित्रफिती दाखवण्यात अर्थ नव्हता, प्रोजेक्टर बंद करायला लावला.

तिने मोबाइल पुढे केला. गाणे गावोगावच्या वरातीत वाजते, पण श्रेयनामावलीत गायक म्हणून चॅनेलच्या मालकाचे नाव आणि गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ असा शेरा होता. ज्यांनी ते लिहिले ते शाहीर तिच्या शेजारीच बसले होते. गाणे चढवताना फॉर्ममध्ये जे भरले जाते तेच पुढे सगळीकडे झळकते; खरे गीतकार कोण, हे कोणतेही ॲप स्वतःहून विचारायला येत नाही. ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक मिळतो, शब्द आणि चाल या रचनेची नोंद वेगळी होते, आणि दोन्हींचे पैसेही वेगळ्या वाटांनी येतात. त्यामुळे ध्वनिमुद्रणाची नोंद चोख असली, तरी गीतकार-संगीतकारांचे मानधन गोळा करून वाटणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचा गीतकार सभासद नसेल, तर रचनेच्या मानधनातला त्याचा वाटा वाटेतच अडतो. त्यात आपली आडनावे रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिली जातात आणि यंत्राच्या लेखी ती तीन माणसे ठरतात.

इथे मला नेहमी जुन्या काळच्या गायिका गौहर जान आठवतात. 1902 मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करताना त्या गाणे संपताच आपले नाव इंग्रजीत पुकारत, कारण तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला तयार होत आणि तिथल्या कारागिरांना आवाज कोणाचा हे कळणे गरजेचे होते. नाव थेट ध्वनिमुद्रणातच असल्याने ते गाळण्याची सोय कोणाला नव्हती. आज ते वेगळ्या रकान्यात जाते आणि तो रकाना बहुधा भलताच माणूस भरतो.

कायद्याचा भाग सांगताना मात्र लोक सरसावून बसले. कॉपीराईट कायद्यानुसार, नोकरीत केलेले काम सोडले तर, गीताचा आणि चालीचा हक्क लेखी सहीशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. ध्वनिमुद्रणाचा मालक निर्माताच असतो, हेही स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर लोक भलती आशा धरून घरी जातात. 2012 च्या दुरुस्तीने गायक-वादकांच्या सादरीकरणाच्या हक्कालाही बळ दिले आणि सादरीकरणाशी आपले नाव जोडले जावे, असा हक्क त्यांना दिला. हा हक्क सभागृहातल्या कोणालाच ठाऊक नव्हता. ही माहिती मला बिदागी देऊन बोलावल्यावरच त्यांच्यापर्यंत पोहोचते, हे मला बरे वाटत नाही. (आजची बिदागी शाल-श्रीफळाच्या रूपात मिळाली, ही गोष्ट निराळी.)

शेवटी सोबत नेलेले कोरे तक्ते वाटले: गाण्याचे नाव, शब्द, चाल, गायन, वादन, प्रत्येकापुढे पूर्ण नाव, ठरलेले टक्के आणि सही. भाषणापेक्षा जास्त वेळ या एका पानावर गेला आणि तो माझ्या मते सत्कारणी लागला. खरा वाद पेटला तो ढोलकीवाल्यामुळे. लावणीच्या सुरुवातीचा तोडा, म्हणजे ढोलकीच्या बोलांचा तुकडा, आपण बसवला, तेव्हा चालीच्या रकान्यातही आपले नाव हवे, असे त्याचे म्हणणे. शाहिरांना ते अजिबात मान्य नव्हते. वाजवणाऱ्याने वाजवल्याचे पैसे घ्यावेत, असा त्यांचा हिशेब. कायदा संगीतकार ठरवताना स्वरलिपी लिहिली होती का, हे पाहत नाही, त्यामुळे ढोलकीवाल्याचा दावा निव्वळ हट्ट म्हणून उडवून लावता येत नाही. पण प्रत्येक तोडा स्वतंत्र रचना ठरेल असेही नाही. मी दोन्ही बाजू मांडल्या आणि टक्के त्यांनीच ठरवावेत असे म्हटले. दोघांनी नावे लिहिली, सह्या केल्या, टक्क्यांची जागा कोरी ठेवली आणि चहाच्या टपरीवरही तोच विषय चालू राहिला.

पुढच्या कार्यक्रमाच्या आयोजकांना रात्रीच कळवले की प्रोजेक्टर नको, चार टेबले आणि तक्त्याच्या झेरॉक्स प्रती हव्यात, आणि पत्रिकेवरचा विषयही बदलावा. पत्रिका छापायला गेली आहे, असे त्यांचे उत्तर आले. टेबलांबद्दल काहीच लिहिलेले नाही.