आईला बुडापेस्टच्या गरम कुंडात उतरवलं त्याची गोष्ट

डिसेंबरात आईला घेऊन चार दिवस बुडापेस्टला गेलेलो. पार्लमेंट, चेन ब्रिज, 2 नंबरची ट्राम सगळं झालं, ते फोटोत दिसतं तसंच आहे त्यामुळे सोडतो. खरी परीक्षा सेचेनी बाथची, म्हणजे तिथल्या उघड्यावरच्या गरम पाण्याच्या कुंडांची, कारण आईचं आधीपासून एकच, "एवढ्या थंडीत उघड्यावर डुंबायचं? तूच जा बाबा, मी काठावर बसते."

जायला पिवळी मेट्रो, एम1. ही 1896 ची आहे, रस्त्याच्या अगदी पोटाखाली, थोड्या पायऱ्या उतरलं की फलाटच. आम्ही ओपेरा स्टेशनच्या पायऱ्या झोकात उतरलो आणि बघतो तर उलट्या दिशेची गाडी. तिथे दोन दिशांचे जिने रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत आणि खालून पलीकडे जाता येत नाही, मग परत वर, रस्ता ओलांडा, परत खाली. नशीब 72 तासांचा पास होता, नाहीतर तिकिटं पंच करून बसलो असतो.

बाथच्या काउंटरला लॉकर की केबिन विचारतात. लॉकर घेतला तर कपडे कॉमन खोलीत बदलावे लागतात, केबिन म्हणजे आपली कपाटाएवढी खोली, आया-मावशांसाठी केबिनच घ्या. मनगटाला घड्याळासारखा पट्टा देतात, तो दाराला टेकवला की दार उघडतं. आईचं काही उघडेना, पाच मिनिटं झटापट केल्यावर कळलं की ती शेजारच्याच केबिनला पट्टा घासतेय.

माझी चूक म्हणजे स्लिपर नेल्या नाहीत. आतून बाहेरच्या कुंडापर्यंत वीसेक पावलंच असतील पण त्या बर्फासारख्या फरशीवर अनवाणी, आई देवाचं नाव घेत अक्षरशः पळाली आणि काठावर बसणारी बाई माझ्याआधी पाण्यात!

पाणी साधारण 38 डिग्री, वर नुसती वाफ, चहूबाजूंनी पिवळा महाल (मुख्य इमारत 1913 ची) आणि मधोमध छातीभर पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळणारे आजोबा. आई नाक वर करून म्हणाली, "वज्रेश्वरीसारखाच वास येतोय की रे, फक्त चटका बसत नाही." मग दोन तास बाहेर यायला तयार नाही, मी सुरकुतलो तरी.

निघताना पट्टा गेटच्या मशीनमध्ये टाकायचा असतो. आईचा सापडेना. तिने तो पर्समध्ये हळदीकुंकवाच्या पुडीशेजारी नीट ठेवलेला, म्हणे मला वाटलं देवळातल्या गंड्यासारखा घरी न्यायचा असतो.