ब्योमकेश, व्हाया पुणे

बंगाली रहस्यकथांमधल्या डिटेक्टिव्ह ब्योमकेश बक्षीची तुमची आवडती कथा कुठली, असं आमच्या पिढीतल्या कुणालाही विचारा. ‘रास्ते का काँटा’ हे उत्तर ठरलेलं. हा सगळा 1993 च्या दूरदर्शनचा प्रताप. बासू चॅटर्जींची ती मालिका, धोतर नेसलेला शांत डोळ्यांचा रजित कपूर, ब्योमकेशचा मित्र आणि कथांचा निवेदक अजित झालेले के. के. रैना आणि ब्योमकेशची बायको सत्यवतीच्या भूमिकेत आपल्या सुकन्या कुलकर्णी. अस्सल बंगाली घरातली सूनबाई मराठी, याचं तेव्हा आमच्या घरात फार कौतुक होतं.

‘पथेर काँटा’ हे त्या कथेचं मूळ नाव. 1932 साली शरदिंदू बंद्योपाध्यायांनी लिहिलेली ही ब्योमकेशची पहिली कथा. कोलकात्याच्या रस्त्यावर चालती-बोलती माणसं अचानक कोसळतात आणि छातीत सापडते ग्रामोफोनची पिन. ना बंदुकीचा बार, ना मारेकऱ्याचा पत्ता. तिकडे वर्तमानपत्रात एक जाहिरात येत राहते: वाटेतला काटा काढायचा असेल, तर अमुक दिवशी अमुक दिव्याच्या खांबाला टेकून उभे राहा. ब्योमकेशचं म्हणणं असं, की वर्तमानपत्रातल्या खऱ्या बातम्या जाहिरातींच्या पानावर असतात, बाकी सगळी भरताड. हे वाचल्यापासून मीही छोट्या जाहिराती मन लावून वाचू लागलो. अजून तरी ‘स्थळ पाहिजे’ आणि ‘फ्लॅट विकणे आहे’ यांच्यापलीकडे एकही कट हाती लागलेला नाही.

तर ‘पथेर काँटा’ झकास आहे, वाद नाही. पण पिन कुठून सुटते हे एकदा कळलं, की कळलं. दुसऱ्यांदा वाचताना आपण जादूगाराच्या बाहीकडेच बघत बसतो. ‘माकडशार रस’चंही तेच. अंथरुणाला खिळलेल्या एका खवट म्हाताऱ्याला कोळ्याच्या विषाची नशा लागली आहे. घरच्यांचा डोळ्यात तेल घालून पहारा आहे, तरी ते विष त्याच्यापर्यंत पोचतंच. कसं, ते सांगत नाही; ज्यांनी वाचलेली नाही त्यांचं नुकसान कशाला करा? तिथे चौकशीला जातो अजित. ब्योमकेश दुसऱ्या भानगडीत अडकलेला, आणि अजितने आणलेल्या वर्णनावरून तो घरबसल्या उत्तर काढतो. बिचारा अजित! सगळं बघून आला आणि काहीच बघून आला नाही.

माझ्या मते खरी आवडती कथा ती, जी खुनी कोण हे ठाऊक असूनही पुन्हा काढून वाचावीशी वाटते. या चाळणीतून माझ्याकडे थोड्याच कथा उरतात.

त्यातली एक ‘अर्थमनर्थम’. सतत मृत्युपत्र बदलणारे एक श्रीमंत गृहस्थ, त्यांच्या पैशावर डोळा ठेवून असलेलं गोतावळ्याचं घर आणि मग खून. संशयित तरुणाची बहीण म्हणजे सत्यवती. सावळी, ताठ कण्याची मुलगी. इतर डिटेक्टिव्ह आयुष्यभर ब्रह्मचारी राहतात, फार तर व्हायोलिन वाजवतात. हा पठ्ठ्या तपास करता करता प्रेमात पडला, आणि ते आधी अजितच्या लक्षात आलं! पुढे लग्न झालं, मुलगा झाला, आणि तरी अजित त्याच घरात राहत होता. आजच्या सासूबाईंना हा प्रकार पटवून देणं अवघड जाईल.

पुढे ब्योमकेशच्या कथांत मोठा खंड पडला. 1938 मध्ये शरदिंदूंना बॉम्बे टॉकीजचं बोलावणं आलं. ते मुंबईत येऊन पटकथा लिहू लागले आणि ब्योमकेशच्या वाट्याला जवळजवळ पंधरा वर्षांची रजा आली. तो परतला 1951 मध्ये, ‘चित्रचोर’मधून. माझा पहिला नंबर या कथेचा.

‘चित्रचोर’मध्ये ब्योमकेश आजारातून उठला आहे. हवापालटासाठी तिघंही संथाळ परगण्यातल्या एका छोट्या गावात राहायला आले आहेत. हिवाळा आहे. सत्यवतीचा पहारा एवढा कडक, की ब्योमकेशला काय खायचं आणि किती फिरायचं याचा हिशेब द्यावा लागतो. गावातली प्रतिष्ठित मंडळी एकमेकांकडे चहाला जातात, एकमेकांच्या बायकांविषयी कुजबुजतात. चोरी कशाची होते? सहलीत काढलेल्या एका ग्रुप फोटोची! ग्रुप फोटो चोरून कुणाला काय मिळणार? इथून गोष्ट हळूहळू काळी होत जाते. पण मला ती लक्षात राहते ती या नवरा-बायकोच्या रुसव्याफुगव्यांसाठी. पहिल्या कथांमधला ब्योमकेश नुसता हुशार होता; पंधरा वर्षांनी आला तो चांगला मुरलेला नवरा होऊन. लेखकाचंही वय मध्यंतरी वाढलं होतं, त्याचा हा फायदा.

आणि आता आमच्या गावचा अभिमान. 1952 मध्ये शरदिंदू सिनेमाला रामराम ठोकून पुण्यात राहायला आले. म्हणजे कोलकात्याच्या हॅरिसन रोडवरच्या ब्योमकेशच्या बैठकीत पुतीराम नोकर चहा आणतो, खाली ट्रामचा खडखडाट होतो, हे सगळं पुढची बरीच वर्षं लिहिलं जात होतं पुण्यात बसून! याच माणसाने बंगाली मुलांसाठी शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मराठा पोराच्या गोष्टीही लिहिल्या. एरवी पुण्यात कुणी काय केलं याच्या पाट्या लावण्यात आम्ही मागे नसतो. या बाबतीत मात्र आमचं नागरिकशास्त्र कच्चं राहिलं.

पुण्याच्या या मुक्कामाचं सगळ्यात गोड फळ म्हणजे ‘शैलरहस्य’ (1959). ब्योमकेश चक्क महाबळेश्वरला येतो. तेही जानेवारीत, सीझन नसताना, हॉटेल ओस पडलेलं असताना. ज्याने थंडीतलं महाबळेश्वर पाहिलं आहे, त्याला निम्मी भीती आयतीच वाटते. ब्योमकेश तिथून अजितला पत्रं लिहितो, आणि कोलकात्यातली शोधाशोध या खेपेला अजितच्या गळ्यात पडते. हॉटेलमध्ये भूत आहे. आता गंमत बघा: 1936 च्या ‘ब्योमकेश ओ बरदा’मध्ये मुंगेरच्या एका भुताचं पितळ याच ब्योमकेशने उघडं पाडलं होतं. महाबळेश्वरचं भूत मात्र शेवटपर्यंत भूतच राहतं. शिस्तीच्या रहस्यकथावाल्यांना हा चक्क फाउल वाटतो. मला नाही वाटत. आयुष्यभर पुराव्यावर जगलेल्या माणसाची तंतरलेली ती पत्रं वाचायला मला फार आवडतात. शिवाय भूत दाखवायला कोलकात्याच्या माणसाला सह्याद्रीच सापडला, याचाही थोडा आनंद आहेच.

‘आदिम रिपु’लाही माझ्या यादीत वर जागा आहे. ती दंगलींच्या कोलकात्यात सुरू होते आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत जाते. काळ्या बाजाराचा पैसा आणि बापलेकांची नाती यांचा वास त्यात आहे. ब्योमकेशच्या पोरकेपणाची हकिकतही तिच्यातच येते. ‘चिडियाखाना’वर सत्यजित राय यांनी 1967 मध्ये उत्तमकुमारना घेऊन सिनेमा केला, पण त्या कथेत माणसं इतकी, की मी प्रत्येक वेळी कागदावर नावं लिहून घेतो. शेवटच्या काही कथांतून तर निवेदक म्हणून अजितच गेला. रहस्यं ठीक आहेत, पण ब्योमकेशला कौतुकाने न्याहाळणारा माणूस नसला की मला तो निम्माच वाटतो.

शेवटची कथा ‘बिशुपाल बध’. रंगमंचावर कीचकवधाचं नाटक चालू असताना कीचकाचं काम करणारा नट खरोखरच मरतो. एवढी फर्मास सुरुवात, आणि 1970 मध्ये शरदिंदू वारले, कथा अर्धीच राहिली. माझा संशय एका इसमावर पक्का आहे. अडचण एवढीच, की पुरावा लेखक सोबत घेऊन गेले.