आमची वाटचाल : शिकाऊ उमेदवारांच्या हातून घडलेलं मशीनशॉप

कोल्हापुरात मशीनशॉप काढायचं तर भांडवलाआधी मेस्त्री लागतो. उद्यमनगरातली जुनी गल्ली घ्या नाहीतर शिरोली, गोकुळ शिरगावची एमआयडीसी. कास्टिंग फौंड्रीतून मिळतं, मशीन हप्त्यावर मिळतं, पहिली ऑर्डर ओळखीपाळखीवर मिळते. चांगला टर्नर, म्हणजे लेथवर धातू फिरवून कापणारा कारागीर, मात्र शेजारच्या शेडमधून पगार वाढवून उचलावा लागतो, आणि तिसरा कोणी आणखी वाढवून देतो तेव्हा तो निघून जातो. ही उचलाउचली परवडेना, म्हणून माणसं घरात तयार करायची असं ठरलं. आज आमच्याकडे सीएनसीचे (संगणकावर चालणाऱ्या मशीनचे) सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारे, तपासणी विभाग आणि टूल रूम सांभाळणारी बहुतेक मंडळी आयटीआयमधून शिकाऊ उमेदवार म्हणूनच आत आलेली आहेत.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९६१च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली, २०१९च्या सुधारित नियमांनुसार, ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणं सक्तीचं आहे आणि त्यांची संख्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के ठेवायची आहे. ४ ते २९ माणसांच्या कारखान्याला सक्ती नाही, पण घेता येतात. आमच्यासारख्यांनी हे आवर्जून करावं. २०१६पासूनच्या केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार उचलतं. उमेदवाराशी केलेला करार सरकारी पोर्टलवर नोंदवल्याशिवाय पोराला शेडमध्ये उभं करायचं नाही. नोंद नसेल तर परीक्षेला बसताना त्याचंच वर्ष वाया जातं.

खरं काम त्यानंतरचं. आयटीआयचा टर्नर दोन वर्षं शिकून येतो, त्याला लेथ चालवता येतं, जॉब (कापून घडवायचा तुकडा) निघतोही. अडतं ते मापाशी. म्हणून आमच्याकडे सुरुवातीला चालू मशीनला हात नाही. टेबलावर नुसती मापाची साधनं : व्हर्नियर, मायक्रोमीटर, भोक मोजायचा बोअर डायल आणि स्लिप गेज (ठरलेल्या मापाचे ठोकळे). एकच पिन तिघांनी वेगवेगळी मोजायची, आकडा चिठ्ठीवर लिहायचा, एकमेकांना दाखवायचा नाही. ०.०१ मिमीच्या मायक्रोमीटरवर तिघांत एका घरापेक्षा जास्त फरक पडला, तर कोणीतरी रॅचेट (दाब ठरावीक ठेवणारी टोकाची मूठ) सोडून थिंबल (मापाची फिरती नळी) पिळतोय किंवा झिरो न बघता मोजतोय. चिठ्ठ्या उघडल्या की कोण, ते पोरांनाच कळतं. ओरडावं लागत नाही.

तापलेला जॉब हा दुसरा धडा. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. ५० मिमीचा शाफ्ट मशीनवरून उतरताना खोलीपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर तो ११ ते १२ मायक्रॉन मोठा दिसतो. एच६ बसवणीत (शाफ्टच्या मापाच्या एका ठरलेल्या श्रेणीत) या व्यासाला मापात सूट मिळते एकूण १६ मायक्रॉनची. गरम असताना बरोबर मापात आलेला शाफ्ट थंड झाल्यावर बारीक भरतो, आणि बारीक झालेला शाफ्ट परत जाड होत नाही. हे गणित पोराने स्वतःच्या वहीत एकदा मांडलं की तो जॉब आपणहून बाजूला ठेवतो.

पुढचे काही महिने साधं लेथ. सीएनसी असताना हा उद्योग कशाला, असं पालकही विचारतात. कारण सीएनसीवर टूल का थरथरतंय हे हाताला कळत नाही. इथे पोरं हायस्पीड स्टीलचा टूल (कापायचं हत्यार) ग्राइंडरवर स्वतः घासतात. टूल सेंटरच्या (जॉबच्या मध्यरेषेच्या) खाली बसला तर फेसिंग करताना, म्हणजे जॉबचं तोंड सपाट करताना, मधोमध बोंडूक (छोटा उंचवटा) राहतं. वर बसला तर बाहेरून टर्निंग करताना कापण्याऐवजी घासतो. जॉबचे फेरे पाठ करायचे नाहीत, गणिताने काढायचे : ५० मिमीचं माइल्ड स्टील, मिनिटाला २८ मीटर कटिंग स्पीड, म्हणजे साधारण १८० आरपीएम (मिनिटाला फेरे). आटे पाडताना एम२४ला (२४ मिमी व्यासाच्या आट्याला) ३ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर), खोली १.८४ मिमी, शेवटचे कट ०.०५चे. टूल सरकवायचा डायल जास्त पुढे गेला तर तेवढाच मागे आणून भागत नाही. बॅकलॅश (स्क्रूच्या आट्यांतली ढिलाई) निघेल इतका मागे घेऊन पुन्हा पुढून यायचं. हातमोजे घालून लेथवर उभं राहायचं नाही, आणि जॉब धरणाऱ्या चकची चावी चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही, एका क्षणासाठीही नाही.

चांगला आणि अव्वल यांतला फरक कुठे दिसतो, ते एका जॉबवरून सांगतो. पातळ भिंतीचं बेअरिंग हाउसिंग (बेअरिंग बसवायचं कवच), बोअर (आतलं भोक) ४० एच७, म्हणजे ४०.००० ते ४०.०२५ मिमी. तीन जबड्यांच्या चकमध्ये घट्ट धरून बोअर केलं. बोअर डायल कुठूनही फिरवा, ४०.०१२. चांगला उमेदवार इथे ‘ओके’ लिहितो. एका मुलीने लिहिलं नाही. बेअरिंग हाताने तिरकं अडकतंय, तर बोअर गोल नाही, एवढं तिने धरलं आणि तीन टोकांचा बोअर मायक्रोमीटर मागून घेतला. तो थोडा थोडा फिरवून मोजल्यावर आकडा हलायला लागला. चकच्या दाबाने कास्टिंग तीन ठिकाणी आत दबतं, दबलेल्या अवस्थेत बोअर गोल निघतं, आणि चक सोडला की तिन्ही जागा परत बाहेर येतात. एका जबड्यापाशी बोअर जेवढं बाहेर सरकतं, बरोबर समोर तेवढंच आत असतं. त्यामुळे दोन टोकांच्या डायलला व्यास सगळीकडे सारखाच वाटतो. उपायही तिनेच सुचवला : चकचे मऊ (कापता येणारे) जबडे हाउसिंगच्या बाहेरच्या व्यासाला बोअर करून घ्यायचे, रफ कट घट्ट धरून मारायचा, मग चक ढिला करून हलक्या हाताने आवळायचा आणि तेव्हा फिनिश. हे काही नवं ज्ञान नाही, जुन्या मेस्त्रींना पाठ आहे. पण ‘माप बरोबर आहे, मग बसत का नाही’ हा प्रश्न तिला पडला, आणि तोच शिकवणं सगळ्यांत अवघड.

सीएनसीवर आल्यावर बहुतेकांचा घोटाळा ऑफसेटच्या (माप सुधारायला मशीनला द्यायच्या आकड्याच्या) चिन्हात होतो. बाहेरच्या व्यासाला जास्त माल काढायचा तर वजा, बोअरमध्ये जास्त काढायचा तर अधिक. पोरं ‘जास्त कापायचं म्हणजे वजा’ असं धरून चालतात आणि बोअर बारीकच राहतं. म्हणून आम्ही कापण्याचं बोलतच नाही. माप मोठं हवं तर अधिक, लहान हवं तर वजा, दोन्हीकडे चालतं. काही मशीनच्या कंट्रोलवर दशांशाचा पॉइंट विसरून २० टाकलं की मशीन ते ०.०२० समजतं, तर कुठे ०.०२च्या जागी २ टाकलं की टूल जॉबमध्ये घुसतं. नवशिक्याला ऑफसेटची कमाल मर्यादा पॅरामीटरमध्येच बांधून दिलेली बरी.

उमेदवार मधेच सोडून का जातात, याची चर्चा आमच्या भागात फार होते आणि बहुतेक वेळा दोष पोरांवर ढकलला जातो. पोराला बारा महिने एकाच मशीनवर जॉब चढव-उतर करायला लावलं तर तो जाणारच. ते प्रशिक्षण नव्हे, स्वस्तातली हमाली. आमच्याकडे फिरती ठरलेली : तपासणी, साधं लेथ, मिलिंग, सीएनसी, टूल रूम, आणि शेवटी परीक्षेची तयारी. प्रत्येकाची वही आठवड्याला मेस्त्री तपासतात, सही करतात. वहीत नुसतं ‘टर्निंग केले’ चालत नाही. जॉब, माप, टूल, फेरे, काय बिघडलं आणि का, हे लिहायचं. ‘का’चा रकाना सुरुवातीला कोराच असतो. तो भरायला लागला की पोर मार्गी लागलं.

अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेआधी ड्रॉइंग वाचून, वेळ लावून, एकट्याने जॉब पूर्ण करण्याचा सराव असतो. शेडमध्ये अडलं की ‘मेस्त्री, जरा बघता का?’ म्हणता येतं, परीक्षेत नाही. प्रमाणपत्र मिळाल्यावर काही भोसरी-चाकणला जातात, काही इथेच राहतात. राहणाऱ्याला आम्ही थेट ऑपरेटर म्हणून घेत नाही. पहिले सहा महिने तो पुढच्या तुकडीला मायक्रोमीटर शिकवतो, आणि त्याचा पगार सेटरचाच असतो.