श्रावणबाळचा अर्ज आणि अछामची एक आई

आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी ६७ वर्षांच्या आहेत. भांडुपच्या डोंगरावरच्या वस्तीत एकट्या राहतात. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी चारपैकी तीन घरं सोडली, आमचं एवढं ठेवलं. गेल्या वर्षी त्यांच्यासाठी मी गरीब वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचा अर्ज भरला. पहिला हप्ता जमा व्हायला सात महिने लागले.

पहिली पायरी उत्पन्नाचा दाखला. मावशी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाहीत, त्यामुळे त्यांना वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचं दाखवावं लागणार होतं. म्हणजे महिन्याला १,७५०. आम्ही त्यांना १,५०० देत होतो. त्याच महिन्यात पगार वाढवायचं आमच्या घरात ठरलं होतं. मावशींनी हात जोडले. "ताई, आत्ता नको. वाढवलात तर दाखला मिळणार नाही." अडीचशेहून एक रुपया जास्त दिला असता, तर त्या सरकारच्या लेखी गरीब उरल्या नसत्या. मुंबईत १,७५० रुपयांत महिना काढता येतो असं कोण म्हणेल? ही मर्यादा कित्येक वर्षं तिथेच आहे. आम्ही पगार वाढवला नाही. धान्य, तेल आणि औषधं देत राहिलो. त्याचं मला अजून बरं वाटत नाही.

दाखला सेतू केंद्रातून तेराव्या दिवशी मिळाला. लोकसेवा हक्क कायद्यात त्याला पंधरा दिवसांची मुदत आहे आणि ती पाळली गेली, हे मुद्दाम सांगते. वयाचा पुरावा, रेशनकार्ड, महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा, हेही फार त्रास न होता जमलं.

अडलं ते बँकेत. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, आणि मावशींचं खातं वापराविना बंद पडलेलं. ते चालू करायला अंगठा हवा. अंगठा लागेना. "आधी आधार अपडेट करून या," काउंटरवरून सांगितलं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर त्यांच्या नवऱ्याचा होता, तोही कधीच बंद झालेला.

आधार केंद्रात दोन तास बसल्यावर नंबर लागला. ऑपरेटर मुलगा समजूतदार होता. त्याने ओला रुमाल दिला, बोटं पुसायला लावली, मग थोडं व्हॅसलिन. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. दोन्ही हात झाले, स्क्रीनवर दर वेळी लाल. मी मावशींचा हात हातात घेतला. नऊ वर्षं त्या आमच्याकडे येतात, पण त्यांचा अंगठा मी पहिल्यांदाच नीट पाहिला. आधी राख, मग साबणाची वडी, मग पावडर यांनी तो पेरासकट गुळगुळीत झालेला, रेषा जवळजवळ पुसलेल्या, कडेला काळ्या भेगा. शेवटी बुबुळांवर जमलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, पण डाव्याने ओळख पटली. मुलगा म्हणाला, "झालं आजी," आणि मावशी तिथेच रडल्या.

बोटं जुळली नाहीत म्हणून कुणाचा लाभ नाकारू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात म्हटलेलं आहे. हे मला नंतर कळलं. काउंटरवरच्या माणसालाही कुणी सांगितलेलं नसावं.

पुढचे चार महिने अर्ज समितीच्या बैठकीची वाट पाहत पडून होता. या तालुका समितीवर पालकमंत्र्यांनी नेमलेले अशासकीय सदस्य असतात. बैठक कधी आहे, एवढंच विचारायला मी तीनदा कचेरीत गेले.

त्या दिवसांत आमच्या वॉचमनदादांशी बोलणं झालं. ते नेपाळच्या अछाम जिल्ह्यातले, वीस वर्षं मुंबईत. त्यांची आई गावी असते आणि तिला वृद्धभत्ता मिळतो. मी विचारलं, उत्पन्नाचा दाखला कुठून काढला? त्यांना प्रश्नच कळेना. "आईला कुणी विचारलं नाही किती कमावते. वय किती, एवढंच. नागरिकतेचा कागद दाखवला, वडा कार्यालयात, म्हणजे तुमच्या वॉर्ड ऑफिसात, नाव लिहिलं." मग म्हणाले, सुख नाही तिथेही. दरवर्षी नूतनीकरण, आणि बँक डोंगर उतरून तीन तासांवर.

मी रात्री वाचत बसले. दोन्ही देशांत राष्ट्रीय पातळीवर वृद्धांचं पेन्शन एकाच सुमारास सुरू झालं. नेपाळात १९९४ च्या अखेरीस मनमोहन अधिकारी यांच्या अल्पमतातल्या सरकारने ७५ वर्षांवरच्या सर्वांना महिना १०० रुपये जाहीर केले. ते सरकार नऊ महिन्यांत गेलं, भत्ता राहिला. पुढच्या सरकारांनी तो वाढवला आणि वय खाली आणलं. २०२१ मध्ये तो ४,००० नेपाळी रुपये झाला, २०२२ मध्ये वयाची अट ६८ वर आली. सरकारी पेन्शनवाले वगळले, तर म्हातारपण हीच पात्रता. आपल्याकडे केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ची, केंद्राचा वाटा ७५ रुपये, तोही गरीब ठरलेल्यांनाच. २००७ मध्ये तो वाटा २०० होता. साठ ते एकोणऐंशी वयासाठी आजही २००च आहे. महाराष्ट्राने स्वतःची भर घातली म्हणून २०२३ पासून १,५०० मिळतात.

आपल्याकडचं तंत्रज्ञान कमी नाही. देशातलं पहिलं आधार २०१० मध्ये आपल्याच नंदुरबारच्या टेंभली गावात दिलं गेलं. नेपाळचं पहिलं राष्ट्रीय ओळखपत्र त्यानंतर आठ वर्षांनी निघालं. तरी अछामची आई आमच्या मावशींच्या आधी बँकेतून पैसे घेऊन घरी पोचते, कारण तिला गरिबी सिद्ध करावी लागत नाही. आपल्या अर्जाची सुरुवातच त्या एका अटीपासून होते. ती अट काढा किंवा निदान माणसाला जगता येईल इतकी वर न्या, एवढंच माझं मागणं आहे.

एका मंगळवारी मावशी भांडी घासत असताना मेसेज वाजला. हात पुसून त्यांनी मोबाइल मला दिला. दीड हजार जमा. खाली जाताना त्यांनी वॉचमनदादांना स्वतः सांगितलं. दादांनी लगेच हिशेब केला, "आमच्या नेपाळी रुपयांत दोन हजार चारशे." मग विचारलं, "दर महिन्याला येणार ना?"

"हयातीचा दाखला दिला की येणार," मावशी म्हणाल्या.