‘सारखा’ गळून पडतो तेव्हा

गेली सत्तावीस वर्षे मी सोलापुरात मराठी शिकवते आहे. अलंकारांचा पाठ आला की फळ्यावर ‘उपमेय’ आणि ‘उपमान’ हे शब्द उमटताच अर्धा वर्ग जांभया देऊ लागतो आणि उदाहरणात पुन्हा तेच मुख आणि तोच चंद्र येतो, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे. यंदा मी चंद्राला सुट्टी दिली. नववीच्या मुलांना सांगितले, की ‘मी कशासारखा आहे’ किंवा ‘मी कशासारखी आहे’ एवढ्यावर एकच वाक्य लिहून आणा. मात्र ते गाइडमधले नको, तुमचे स्वतःचे हवे.

वह्या घेऊन मी शनिवारी संध्याकाळी गच्चीवर बसले. आमचे घर पूर्व भागात आहे आणि पलीकडच्या गल्लीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटात वह्या तपासण्याची मला इतकी सवय झाली आहे, की वीज जाऊन माग थांबले तर माझेही लाल पेन थांबते. पहिल्या पाच-सहा वह्यांत अपेक्षेप्रमाणे मोबाइलच निघाला: एकाची बॅटरी दोन टक्क्यांवर होती, एकाला घरात रेंज मिळत नव्हती, एकाचे डोके गणिताच्या तासाला हँग होत होते. एका मुलाने आपण पार्क मैदानावरच्या सामन्यातला बारावा गडी असल्याचे लिहिले होते. त्याचा थोरला भाऊ आमच्याच शाळेतून पहिला आलेला आहे, हे मला ठाऊक होते. आणि एका मुलीने लिहिले होते, ‘मी कडक भाकरीसारखी आहे, पण आमटीत बुडवली की मऊ पडते.’

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: आमच्याकडची कडक भाकरी ज्वारीची किंवा बाजरीची असते, पापडासारखी पातळ थापून, भाजून ती इतकी वाळवतात, की महिना-दोन महिने तिला काही होत नाही. शेंगाचटणीबरोबर ती कुरकुरीत खायची किंवा आमटीत कुस्करायची. ही मुलगी वर्गात कुणाशी धड बोलत नाही, उलट उत्तरे देते, अशी सगळ्या शिक्षकांची तक्रार आहे. पालकसभांतून दोन वर्षांत जे कळले नव्हते ते तिने एका वाक्यात कळवले. शिवाय कुठली आमटी, तेही तिने लिहिले नव्हते. ते शोधण्याचे काम तिने आमच्यावर सोडले होते.

खरे तर आपल्याविषयी बोलायचे म्हटले की आपल्याला दुसरा मार्गच नसतो. मन कुणी पाहिलेले नाही, पण ते भरून येते म्हणजे भांडे असते, खचते म्हणजे विहीर असते, उसवते म्हणजे कापड असते, आणि उडते तेव्हा पाखरू. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे ज्याच्याविषयी म्हणतो त्याला आपण दोरखंड ठरवलेले असते आणि त्याचे आपल्याला काहीच वाटत नाही. माझी आजी थकली की स्वतःला घाण्याचा बैल म्हणायची, वडिलांची पिढी मिलच्या भोंग्यावर उठायची म्हणून ‘माझा भोंगा वाजला’ म्हणजे दिवस संपला असे म्हणायची, आणि माझे विद्यार्थी चार्ज होतात. यंत्रे बदलली की माणसे स्वतःलाही बदलून सांगतात.

दुखण्याच्या बाबतीत तर हे फारच जाणवते. मागे माझा खांदा धरला तेव्हा डॉक्टरांनी विचारले, ‘कसे दुखते?’ आणि ‘फार’ या उत्तराने त्यांचे मुळीच समाधान झाले नाही. ठणकते का, सलते का, चमक निघते का, सुया टोचल्यासारखे होते का, मुंग्या येतात का, असे त्यांनी एकामागून एक विचारले, आणि माझ्या मनात आले, की हे गृहस्थ माझाच पाठ घेत आहेत. नंतर त्यांनीच समजावले, की मुंग्या म्हटले की त्यांचे लक्ष शिरेकडे जाते, आणि छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते असे कुणी म्हणाले की ते आधी हृदयाची तपासणी करतात. म्हणजे तिथे उपमा चुकली तर मार्क जात नाहीत, त्याहून बरेच काही जाऊ शकते.

आता थोडे व्याकरण, कारण माझे सगळे म्हणणे त्यातच आहे. उपमेत ‘सारखा’, ‘जसा’, ‘प्रमाणे’ असा एखादा शब्द दोन वस्तूंमध्ये उभा असतो. उत्प्रेक्षेत तो ‘जणू’ होतो. रूपकात तोही जातो आणि दोन्ही वस्तू एकरूप होतात. याच्याही पुढे अपन्हुती आहे: तिच्यात मूळ वस्तूच नाकारली जाते, हे हे नव्हेच, ते आहे. कवितेत हा चढता क्रम मोठा आनंदाचा असतो. स्वतःविषयी बोलताना मात्र आपण या पायऱ्या कधी चढलो ते आपल्याला कळत नाही, कारण ‘सारखा’ हा शब्द आवाज न करता गळून पडतो.

माझे स्वतःचे उदाहरण देते. लग्नानंतर मी मोठ्या कुटुंबात आले तेव्हा कौतुकाने म्हणत असे, की मी पाण्यासारखी आहे, ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार घेते. ऐकणाऱ्यांना हे फार आवडले, आणि ते त्यांना का आवडले याचा विचार करायला मला बरीच वर्षे लागली. पुढे ‘सारखी’ गेली आणि ‘तिचे काय, ती पाणी आहे’ असे सगळेच म्हणू लागले. रजेवर गेलेल्यांचे तास, स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन, निवडणुकीची ड्युटी, नणंदेच्या मुलाची दहावी, हे सगळे माझ्याकडे उतारावरून यावे तसे येत गेले. नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पाण्याला स्वतःचा आकार कुठे असतो? मी अपन्हुतीपर्यंत पोचले होते: ही बाई नव्हेच, हे पाणी आहे.

माझी सुटका केली ती शेजारच्या काकूंनी, आणि तीही नळाच्या पाळीला हंडे भरताना. माझे रडगाणे ऐकून त्या म्हणाल्या, ‘अहो बाई, पाणीच व्हायचं असेल तर सोलापूरचं व्हा की. चार दिवसांआड यायचं, घटकाभर थांबायचं आणि लोकांनी वाट बघायची.’ उजनी धरण जिल्ह्यात असूनही नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात राहून मला हे सुचू नये, याचे मला आजही नवल वाटते. काकूंनी माझे रूपक फेकून दिले नाही, फक्त त्याला या गावचा पत्ता दिला. त्या वर्षीचे सूत्रसंचालन दुसऱ्याने केले आणि ते माझ्यापेक्षा चांगले झाले. एवढे चांगले व्हायला नको होते, असे मात्र वाटले.

काकूंना हे साधले म्हणून मला दुसऱ्या कुणाची उपमा दुरुस्त करता येईल, असा माझा समज झाला होता. तो अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घालवला. अप्पांची तीस वर्षे चादरीच्या मागावर, आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा बघण्यात गेली. निवृत्त झाल्यावर एकदा ते सहज म्हणाले, ‘मी म्हणजे धोटा. दिवसभर इकडून तिकडं पळायचं, पोचायचं कुठंच नाही.’ माझ्यातली मराठीची शिक्षिका लगेच जागी झाली. मी म्हटले, ‘पण अप्पा, धोटा जातो-येतो म्हणूनच तर कापड होतं ना?’ अप्पांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि म्हणाले, ‘कापड मालकाचं होतं.’ मग त्यांनी चहा मागितला. काकू माझ्याबरोबर त्याच नळावर उभ्या होत्या. मी मात्र मागावर एकही पाळी केलेली नव्हती.

मागाच्या जगातून उपमा उचलणे सोलापूरकरांना सोपे जाते, म्हणून ती उचलताना मी आता हात आखडते. जकार्डच्या पुठ्ठ्यांचेच पाहा. 1804 च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्ड याने ही युक्ती सिद्ध केली: साखळीने जोडलेली पुठ्ठ्याची कार्डे मागावर फिरतात, जिथे छिद्र असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो, आणि त्यातून नक्षी उमटते. माणसातल्या उणिवा म्हणजेच ही छिद्रे आणि छिद्रे आहेत म्हणूनच नक्षी आहे, असे एखाद्या व्याख्यानात म्हटले तर टाळ्या नक्की पडतील. मला हे रूपक इतके गुळगुळीत वाटते, की त्याचा संशय येतो. माझा तापट स्वभाव हे छिद्र असेल, पण त्यातून उमटलेली नक्षी माझ्या मुलाला विचारा.

त्यापेक्षा चादर बरी. अस्सल सोलापुरी चादर दुहेरी विणीची असते, आणि एका बाजूला जो रंग जमिनीचा तो दुसऱ्या बाजूला नक्षीचा होतो. शाळेत मी कडक आणि घरी ढिली, याचे मला बरेच दिवस ओशाळे वाटत असे, जणू यातली एक मी खोटी होते. चादरीची घडी घालताना एकदा लक्षात आले, की धागे तेच आहेत, फक्त वर कोणता यावा एवढेच बदलते. ही उपमा मला उपयोगी पडली. ती कुठवर जाते तेही मला कळते: चादर घडी करून कपाटात ठेवता येते, आणि ती सोय मला नाही.

संस्कृतात नाटकालाही रूपक म्हणतात, कारण तिथे नटावर पात्राचे रूप आरोपित केलेले असते. पण नटाला प्रयोग संपला की रंग पुसता येतो. हे मला पुस्तकात कळले, पटले मात्र आमच्या गड्ड्याच्या, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या, यात्रेत. संक्रांतीच्या सुमारास या यात्रेत लग्न लागते, ते प्रत्यक्ष सिद्धेश्वरांचे नव्हे तर त्यांच्या योगदंडाचे. आख्यायिका अशी, की एका कुंभारकन्येने त्यांच्याशी विवाहाचा हट्ट धरला, तेव्हा योगी असलेल्या सिद्धेश्वरांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास सांगितले. दरवर्षी सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी ते उंच, जड ध्वज कमरेवर तोलून चालतात, आणि सम्मती कट्ट्यावर हजारो लोक अक्षता टाकतात. लहानपणी मला त्या कुंभारकन्येचे वाईट वाटायचे, आणि ते अजूनही वाटते. पण आता दुसरेही दिसते: सिद्धेश्वरांनी आपल्या जागी काठी पुढे केली आणि स्वतः मागे राहिले. काठी म्हणजे मी, असे ते म्हणाले असतील. मी म्हणजे काठी, असे नाही.

तर त्या वह्या. अंधार पडत आला होता आणि शेवटची वही राहिली होती. तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या, फारशा न बोलणाऱ्या एका मुलीची. तिने लिहिले होते, ‘मी कशासारखी आहे ते मला सुचले नाही. मी सकाळी आईबरोबर पाणी भरते, मग भावाचा डबा भरते, मग शाळेत येते आणि खिडकीतून चिंचेच्या झाडाकडे बघते.’ उपमा नव्हती, रूपक नव्हते, दिलेल्या प्रश्नाचे उत्तरच नव्हते. मी लाल पेन घेऊन बराच वेळ बसले. जे आहे ते जसेच्या तसे सांगणे, हाही आपल्याकडे एक अलंकारच आहे. मग समासात ‘स्वभावोक्ती अलंकार’ असे लिहिले आणि पूर्ण गुण दिले.