धांड्याची बंडी

सूनबाईने अंगणवाडीतून आणलेला एक कागद परवा दुपारी माझ्या हाती लागला. लहान लेकरांशी घरी काय काय खेळावं याची यादी होती. तुरी-हरभरे एकत्र करून वेगळे करायला द्या. मणी ओवू द्या. डबा वाजवून आत काय आहे ते ओळखायला सांगा. आणि शेवटी, जाड अक्षरात, 'मोठ्यांनी जवळ बसावे'.

आमच्या घरी तुरी-हरभरे वेगळे करणं हे काम होतं. त्याला खेळ म्हटलं असतं तर मायने सूप फेकून मारलं असतं. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांतून अंगणवाड्या सुरू झाल्या तेव्हा मी चौथीत होतो, म्हणजे वाढून झालो होतो. आमच्या गावात तर ती त्यानंतरही बऱ्याच वर्षांनी आली.

पण मोठ्यांनी जवळ का बसावं, हे मला चांगलं ठाऊक आहे. चार वर्षांचा असेन. माय ओसरीत तुरी पाखडत होती. एक दाणा मी नाकात घातला, कुठवर जातो ते बघायला. तो बराच आत गेला, आणि संध्याकाळपर्यंत फुगला. रात्री बंडी जुंपून तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी चिमट्याने दाणा काढून बाबांच्या तळहातावर ठेवला. येताना रस्ताभर बाबा एक अक्षर बोलले नाहीत. घरी आल्यावर मायला म्हणाले, "याच्या नाकातई तूर येते व. वावर कायले पायजे आपल्याले?"

डब्याचं तर काय सांगावं! भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी पोट्ट्या घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत हिंडायच्या आणि मी ताईच्या मागे शेपटासारखा. गाण्यांशी मला देणंघेणं नव्हतं, खिरापतीशी होतं. पण ती ओळखल्याशिवाय मिळत नसे. घरची बाई आडून डबा हलवायची. खळखळ वाजलं की फुटाणे नाहीतर शेंगदाणे. थपथप आवाज आला की लाडू. मग गोड की तिखट, पिवळं की पांढरं, अशा चौकशा. काही बाया मात्र भारी बेरक्या. त्या डब्यात शिरा दाबून भरायच्या. डबा कितीही हलवा, मुकाच. अशा घरी अंधार पडेपर्यंत अडकून पडायचो.

असो. कागद वाचून मला हुरूप आला. म्हटलं, नातीला धांड्याची, म्हणजे ज्वारीच्या ताटाची, बंडी करून देऊ.

तर गावात धांडेच नाहीत. पूर्वी ज्या वावरात पाहावं तिथं ज्वारी. आता सोयाबीन आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. सोयाबीनच्या कुटारातून कोणी काय बनवणार? आणि पऱ्हाटी चुलीत घालायची. शेवटी बैलांच्या कडब्यासाठी ज्याने थोडी ज्वारी पेरली होती, त्याच्याकडून चार धांडे मागून आणले.

धांडा सोलताना ओठ कापला. दातांनी सोलायचा नसतो हे लहानपणी दरवर्षी शिकायचो आणि दरवर्षी विसरायचो. आतलं भेंड पांढरं, हलकं, नख लावलं तर खड्डा पडावा असं. भेंडाच्या चकत्यांची चाकं, सोललेल्या सालीच्या चोयट्यांचे खिळे, वर साटा, पुढे जू. दोन बैल. बैलांना चोयटीच्याच बारक्या शिंगांच्या जोड्या. दीड तास कसा गेला कळलं नाही. मध्ये नात दोनदा हात पुढे करून गेली. "थांब, मोडशील," म्हणून मी तिला दोन्ही वेळा परतवलं. आतून हिचा आवाज आला, "खेळू द्या व तिले बी. का तुमीच खेळता?"

दिली एकदाची. तिने सगळ्यात आधी शिंगं उपटली. मग उरलेल्या चोयट्या गोळा करून भेंडाच्या एका तुकड्यात ओळीने खोचल्या.

"अवं, बैलाची शिंगं होती ते," मी कळवळून म्हणालो.

"फणी हाये," म्हणाली, आणि माझ्या डोक्यावर जे काय उरलंय त्यातून ती फिरवायला लागली. मला हात आवरत नाहीत. काड्या वाकड्या आहेत, सारख्या अंतरावर लाव, असं दोनदा तोंडावर आलं. एकदा बोलूनही गेलो. तिने माझं डोकं धरून सरळ केलं.

थोड्या वेळाने डबा घेऊन आली. मागे लपवून हलवला.

"आबाजी, वळख."

काहीच वाजेना. मी शिरा म्हटलं. नाही. गूळ? नाही. कापूस? तेही नाही. शेवटी हरलो. डबा उघडला तर आत शिंगं नसलेला बैल.

चार शिंगांपैकी एक अजून सापडलेलं नाही. तिचं नाक बघून झालं.