पंखाखालचं रक्त

गणपतीत गुहागरला गेले तर खुराड्यात दोन तलंगा (तरुण कोंबड्या) पिसं फुलवून, डोळे मिटून बसलेल्या. "अगो, मानमोडीच ती," आई म्हणाली. मानमोडी म्हणजे राणीखेत, मान वाकडी करणारा विषाणूचा रोग. तिच्या लेखी कोंबडीचं प्रत्येक दुखणं मानमोडीच. मान सरळ होती, श्वास मात्र घरघरत होता. मला ई. कोलाय या जिवाणूचा संशय. पंखाखालच्या शिरेतून मिलिभर रक्त काढलं, गोठल्यावर वरचं सीरम थर्मासात बर्फावर ठेवलं. एसटीत शेजारच्या काकांनी चहा आहे का विचारलंच.

लॅबमध्ये सीरममधली प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं जेल चालवलं. प्रथिनांच्या निळ्या पट्ट्यांत ७८ किलोडाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक) च्या आसपासची एक पट्टी, निरोगी कोंबडीच्या पट्टीपेक्षा ठसठशीत जाड. ओव्होट्रान्सफेरिन! अंड्याच्या पांढऱ्या भागात असतं तेच. ते लोह धरून ठेवतं आणि जंतूंची उपासमार करतं. गंमत म्हणजे संसर्गात माणसाचं ट्रान्सफेरिन घटतं, कोंबडीचं हे वाढतं. पण आत दाह आहे, एवढंच ते सांगतं, विषाणूंमुळेही वाढतं. जंतूचं नाव हवं तर कल्चरच, म्हणजे जंतू वाढवून बघणं. नंतर मेलेल्या तलंगेच्या काळजातून घेतलेला नमुना लावला, मॅकॉन्की या जंतू वाढवायच्या माध्यमावर ई. कोलायसारख्या गुलाबी वसाहती आल्या.

आईला फोन केला. "बरं," ती म्हणाली, "पण शेजारणीला मी मानमोडीच सांगितलंय."